विमानतळाजवळची शांत खोली

प्रश्न : पूर्वी मुंबई विमानतळालगत एअर इंडियाचं मोठं हॉटेल होतं. विमान कंपनीला हॉटेल कशाला लागतं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्ही म्हणता ते सेंटॉर. एअर इंडियाने १९७१ मध्ये काढलेल्या हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचं. २००२ मध्ये ते विकलं गेलं. आजचं सहारा स्टार ते हेच. विमान कंपनीला वैमानिक आणि केबिन क्रूसाठी रोज खोल्या लागतातच, शिवाय विमान रद्द झालं की एकदम दीड-दोनशे प्रवाशांची सोय करावी लागते. रात्रभर उडून आलेला क्रू दिवसा झोपतो. त्यामुळे भर दुपारी खोलीत अंधार आणि शांतता मिळते का, यावरच असं हॉटेल जोखावं.

प्रश्न : मोपा विमानतळाजवळ आमच्या कौलारू घराच्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. खिडक्यांना दुहेरी काच बसवली, तरी विमानाचा आवाज येतोच. मोठी हॉटेलं काय करतात?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : त्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब असतो, तुमच्या कौलं. कौलांच्या फटींतून आवाज थेट खाली उतरतो, म्हणून खर्च आधी छतावर करा. कौलांखाली आतून दुसरं छत घाला : साडेबारा मिलिमीटर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा न येऊ देता. वर ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी. सांगाडा वाशांना रबरी हँगरने टांगा. बोर्डांचाच भार चौरस मीटरला सुमारे २० किलो होतो, तेव्हा वासे वाळवीने पोखरलेले नाहीत ना, हे सुताराकडून आधी तपासून घ्या. कौलंही चाळून घ्या. गळकं पाणी रॉकवूलमध्ये मुरलं की सगळं वाया.

आता खिडक्या. बाजारातल्या दुहेरी काचेत बहुधा दोन्ही काचा सारख्या जाडीच्या आणि मध्ये जेमतेम १२ मिलिमीटर पोकळी असते. ती उष्णतेला बरी, विमानाच्या घरघरीला अपुरी. सारख्या काचा एकाच सुरावर थरथरतात आणि तो सूर आत सोडतात. आहे ती खिडकी राहू द्या. आतून १०० मिलिमीटर अंतरावर दुसरी बसवा, वेगळ्या जाडीच्या लॅमिनेटेड (मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या) काचेची. ती सरकती नको, बिजागरीची हवी, म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी, गॅस्केट, चारही बाजूंनी दाबलं जातं. कागदाची पट्टी फटीत धरून झडप लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे गॅस्केट बसलेलं नाही. खिडकीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी काच कितीही भारी असो, आवाज २० डेसिबलच्या पुढे कमी होत नाही. एसीच्या नळीभोवतालचं भोकही बुजवा. थर्माकोल आणि फोमवर पैसे घालू नका. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, थर्माकोलने तोही फारसा नाही; बाहेरचा आवाज दोन्हींनी अडत नाही.

खोली अशी बंद केली की पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. ताज्या हवेसाठी आतून आवाज शोषणारं अस्तर लावलेला, दोन वळणांचा डक्ट (हवेचा नळ) आणि लहान पंखा लागेल. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर तो आधी बाहेर हलवा. झरोका बुजवून तो चालवला, तर कार्बन मोनॉक्साइड साचून पाहुण्याच्या जिवावर बेतेल.