लेक म्हणते, हंगेरियन आणि यिडिश शिकणार

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.ए. जर्मनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता बुडापेस्टला जाऊन हंगेरियन आणि यिडिश शिकायचं म्हणते. घरात कमावणारी मी एकटी. तिला अडवू का?

उत्तर : ताई, अडवू नका. मात्र दोन्ही भाषांचा हिशेब वेगवेगळा मांडा.

यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. अंग जर्मनचं, लिपी हिब्रू, त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहितात. लेकीचं जर्मन इथे पुरेपूर उपयोगी पडेल. साध्या पुस्तकाला यिडिशमध्येही ‘बुख’च म्हणतात, धर्मग्रंथ असेल तर मात्र हिब्रूतून आलेला ‘सेफर’. आपल्या पोथी-पुस्तकासारखंच. दुसऱ्या महायुद्धाआधी ही भाषा सुमारे १ कोटी १० लाख लोक बोलत. त्यातले निम्म्याच्या आसपास नाझींनी मारले. मागे राहिली पत्रं, दप्तरं, वह्या. १९२५ साली विल्नात (आताचं लिथुआनियातलं विल्निअस) सुरू झालेल्या आणि आता न्यूयॉर्कमध्ये असलेल्या ‘यिवो’ संस्थेत असे लाखो कागद आहेत. मोडी वाचणारा माणूस आपल्या पुराभिलेखागारात जसा लागतो, तसाच तिथे यिडिश हस्ताक्षर लावणारा लागतो. पण जागा मोजक्या आणि बहुतेक ठिकाणी पीएच.डी. हवी. निव्वळ यिडिशवर घर चालेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

हंगेरियनचं व्याकरण मराठी माणसाला ओळखीचं वाटतं. ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझॉम’ माझं घर, ‘हाझॉमबॉन’ माझ्या घरात. शब्दाला प्रत्यय लागत जातात. शब्दसंग्रह मात्र पाठच करावा लागतो, कारण ही भाषा फिनिशच्या कुळातली. युरोपीय संघात अनुवादकाची नोकरी मिळेल, या आशेवर राहू नका. तिथे साधारणपणे सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. त्यापेक्षा बुडापेस्टमधल्या कंपन्यांच्या सेवा केंद्रांत जर्मन येणाऱ्यांना मागणी असते. जोडीला हंगेरियन असेल तर ती तिथे टिकेल.

आणि ही जोडी तिने उगाच जमवलेली नाही. न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्गमध्ये आजही घरात यिडिश बोलणारा ज्यूंचा सात्मार पंथ, तेव्हा हंगेरीत आणि आता रोमानियात असलेल्या सात्मार गावातून आला. हे नातं तिला दिसलं असेल, तर मला तिचं फार कौतुक वाटतं.

पैशांचं बघू. हंगेरी सरकारच्या ‘स्टिपेंडियम हंगारिकुम’ शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्क माफ असतं, पण एम.ए.ला महिना ४३,७०० फोरिंट, म्हणजे साधारण दहा-बारा हजार रुपयेच मिळतात. तेवढ्यात बुडापेस्टमध्ये भागत नाही. वरची सोय आधीच करावी लागेल. अर्ज हंगेरीकडे आणि भारत सरकारकडे, असा दोन्हीकडे करायचा असतो. एकीकडचा राहिला तर दुसरा वाया जातो.

तोवर एक करा. अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टच्या यिडिश बुक सेंटरने हजारो पुस्तकं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. तिला आतापासून लिपी शिकू द्या. सहा महिन्यांनी त्यातली एक छोटी कथा तिने स्वतः वाचून तुम्हाला मराठीत सांगितली, तर निःशंक मनाने अर्ज भरा.