एकट्याने बुलेट ट्रेलरवर चढवताना

सगळ्यात आधी, भाऊ, कलत्या फळ्याचा ट्रेलर (फळा मागे कलतो आणि त्याचाच चढ होतो) ओढणाऱ्या गाडीला जोडलेला ठेव आणि तिचा हँडब्रेक ओढ. सुटा ट्रेलर कलला की पुढचा दांडा उसळतो.

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची. ढकलू नकोस, डाव्या बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर चढव. मधेच दम लागला तर नुसता पुढचा ब्रेक दाबून भागत नाही. चढावर वजन मागे जातं, पुढचं चाक घसरतं. गाडी गिअरमध्येच ठेवून इंजिन बंद कर, क्लच सोड; मागचं चाक जखडतं. मी हे पहिल्याच पावसाळ्यात शिकलो, टायरला माळव्याची काळी माती आणि खाली गुळगुळीत पत्रा! आता पत्र्यावर रबराची पट्टी आहे.

वजन अ‍ॅक्सलच्या पुढे गेलं की फळा धाडकन खाली येतो. इंदूरच्या सांवेर रोडच्या एखाद्या वेल्डरकडून चेसिस आणि फळ्याच्या मधे जुना शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावून घे, हळू बसतो. पुढचं चाक बसायला फळ्यावर खाचही कर, म्हणजे पट्टे बांधताना गाडी उभी राहते. पट्टे हँडलला नको, पुढच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला. आणि फळा चेसिसला अडकवणारी पिन घालायला विसरू नकोस.