मुलाला ऑटिझम आहे. विद्यापीठाच्या मेंदूविकासाच्या संशोधनात त्याला सहभागी करावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा आहे, विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने ईईजी (डोक्यावर सेन्सर लावून मेंदूची वीज टिपणं) आणि काही खेळ अशा दोन बैठकांसाठी विचारलंय, आणि घरचे म्हणतात "पोराचा उंदीर करू नका". बाकी प्रश्न असता तर पुढे गेले असते. तो उंदीर वाचला आणि लिहायला बसले. आमच्याकडे उंदराऐवजी बेडूक होता. "अकरावीच्या प्रॅक्टिकलला बेडूक टाचतात तशी पोरगी टाचून ठेवाल," असं माझे दीर पुण्याहून फोनवर म्हणाले होते. २०१४ची गोष्ट. भाऊजी इंजिनिअर आहेत, हे आपलं सांगून ठेवते.

उत्तर आधी देते: हो, जा. कारणं पुढे येतील, क्रमाने येतीलच असं नाही.

आम्ही तेव्हा लंडनला, हॅरोत राहायचो. थोरल्याचं निदान तिसऱ्या वर्षी झालं आणि वर्षभरात धाकटी झाली. अशा घरात पाठचं भावंड आलं की आईचा जीव कसा टांगलेला असतो ते तुम्हाला सांगायला नको. २०११ साली अशा ६६४ पाठच्या भावंडांचा अभ्यास छापून आला होता. त्यातल्या १८.७ टक्के मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालं. पाचात जवळजवळ एक. हा आकडा मी रात्री दोन वाजता, धाकटीला पाजताना मोबाइलवर वाचला. दुसऱ्याच आठवड्यात थोरल्याच्या स्पीच थेरपिस्टने एका विद्यापीठाच्या बेबीलॅबचा कागद हातात दिला. ऑटिझम असलेल्या मुलांची तान्ही भावंडं तीन वर्षांची होईपर्यंत चार वेळा बघायची, असं ते काम होतं. निदान व्हायला दोन-तीन वर्षं जातात. मेंदू जन्मतः मोठ्या माणसाच्या पावपट असतो, तो दोन वर्षांत पाऊणपटीच्या घरात जातो. म्हणजे निदानाचा कागद हातात येईपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं, आणि ते घडताना बघायचं तर तान्ह्या बाळांकडेच जायला हवं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना मी सगळं समजावलं. ईईजीत डोक्यात काही सोडत नाहीत, मेंदूची वीज असते ती वरच्या वर फक्त टिपतात. त्या म्हणाल्या, "टाळू भरली नाही अजून पोरीची." यावर माझ्याकडे उत्तर होतं पण ते इंग्रजीत वाचलेलं होतं.

लॅबच्या पत्रात लिहिलं होतं, केस धुतलेले हवेत, तेल नको. मी ते वाचून दाखवलं होतं. सकाळी मी थोरल्याच्या डब्याच्या मागे होते, तेवढ्यात सासूबाईंनी सात महिन्यांच्या नातीच्या टाळूवर वाटीभर खोबरेल जिरवलं, डोळ्यांत काजळ घातलं, तीट लावली. कपाळाला वास आला तेव्हा मला कळलं, पण गाडीची वेळ झाली होती.

लॅबमध्ये एक पीएचडी करणारी पोरगी होती. तिने टेपने डोक्याचा घेर घेतला, मधोमध खूण केली आणि बादलीतून जाळी काढली. १२८ सेन्सर, प्रत्येकाखाली स्पंजचा तुकडा, सगळं कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेलं. जाळी चढवली. समोरच्या स्क्रीनवर डोक्याचा नकाशा, जिथे संपर्क नीट नाही तिथे लाल ठिपका. आमचं डोकं म्हणजे फोडलेलं डाळिंब! पोरगी वाकली, हुंगली आणि हसून म्हणाली, "कोकोनट?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने काही एक न बोलता धाकटीला बेसिनपाशी नेलं, बेबी शॅम्पूने दोनदा जावळ धुतलं, टॉवेलने टिपलं. काजळही पुसावं लागलं, कारण डोळे कुठे बघतात ते टिपणारा कॅमेरा बुबुळ सोडून काजळाची कड धरत होता. तीट मात्र तिने राहू दिली. विचारलं, हे कशासाठी. मी सांगितलं. म्हणाली, मग असू दे.

दुसऱ्यांदा ठिपके हिरवे झाले. धाकटी माझ्या मांडीवर, समोर स्क्रीनवर चेहरे: एक तिच्याकडे बघणारा, एक नजर वळवणारा. कॅमेऱ्याने चुकून माझेच डोळे टिपू नयेत म्हणून मला काळा गॉगल. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मराठी आईला याहून मोठी शिक्षा नाही. ती कंटाळली की दुसरी मुलगी साबणाचे फुगे सोडायची. शेवटी ती रडलीच. लगेच जाळी उतरवली, "एकदा परत बघू या" वगैरे काही नाही. कपाळावर स्पंजचे गोल गोल वळ उठले होते. अर्ध्या तासात गेले, पण सासूबाई शेजारच्या खोलीतच होत्या. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "डागण्या दिल्या गं माझ्या बाळाला."

परतीच्या गाडीत वेम्बली जाईपर्यंत त्या गप्प होत्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तेलाला नावं ठेवता. थोरल्याच्या वेळी मला येता आलं नाही, टाळूला तेल कोणी जिरवलं नाही, म्हणून तर त्याचं असं झालं."

मी काही बोलले नाही. तेव्हा सुचलं नाही, ते आता इथे लिहिते. त्या एकट्या नव्हत्या. १९४३ साली लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांवरचा, ऑटिझमवरचा तो पहिला निबंध लिहिला, त्यानंतर वीसेक वर्षं मोठमोठे शिकलेले लोक हेच म्हणत होते: आई थंड असते, फ्रिजसारखी, म्हणून पोर मिटून जातं. ब्रूनो बेटलहाइमने तर या मतावर नाव कमावलं. त्यांच्याकडे खोबरेल नव्हतं एवढाच फरक. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने त्यावर पुस्तकभर उलटतपासणी घेतली. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, त्याला घरात दिसत होतं की आई थंड वगैरे काही नाही. आणि मग १९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या पाहिल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांत ४ ठिकाणी दोघांनाही ऑटिझम. एकसारख्या नसलेल्या जुळ्यांच्या १० जोड्यांत दोघांनाही असलेली एकही नाही. आई तीच, घर तेच, दूध तेच. म्हणजे मामला रक्तातून येतोय, मांडीवर घेण्या-न घेण्याचा नाही.

त्या २१ घरांना यातून काय मिळालं असेल? काही नाही. त्यांची मुलं होती तशीच राहिली. पण त्यातल्या एखाद्या आईने "माझ्या पोरांचा बेडूक नको" म्हणून दार लावून घेतलं असतं, तर मला गाडीत ऐकवलेलं वाक्य आज डॉक्टरही ऐकवत असते. मी यासाठी गेले. पुढच्या तीनही वेळा गेले, आणि आदल्या रात्री तेलाची बाटली माझ्या कपाटात ठेवून.

आता भाऊजींकडे येते. २०१८ला आम्ही पुण्यात परतलो. थोरला आठ वर्षांचा. याच भाऊजींनी एका क्लिनिकचं माहितीपत्रक आणलं: ऑटिझमवर स्टेम सेल (मूळ पेशी), अडीच लाख, तीन फेऱ्या, पाठीच्या कण्यातून इंजेक्शन. मी विचारलं, सिद्ध झालंय का? तर म्हणाले, "संशोधन चालू आहे, आपण त्यात भाग घेतोय असं समज." म्हणजे गंमत बघा. जिथे एक पैसा घेतला नाही, उलट गाडीभाडं दिलं, कसलं वचन दिलं नाही, डोक्याला फक्त मिठाचं पाणी लागलं, तो बेडूक. आणि जिथे अडीच लाख घेऊन कण्यात सुई घालणार, ते उपचार! नवरा दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हता. मी सही केली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने स्पष्ट सांगितलं की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. ते पत्रक मी घरच्या ग्रुपवर टाकलं. भाऊजींनी अंगठा दाखवला, वरचा. तेवढ्यावर मी समाधान मानलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

तेव्हा तुमची पहिली परीक्षा ही: संशोधनात भाग घ्यायला पैसे मागितले तर उठून या. तो दुकानदार आहे.

दुसरं, नैतिकता समितीची मंजुरी विचारा. संमतीपत्रावर समितीचं नाव असतं, संपर्क असतो. ते घरी आणा, दोन दिवस ठेवा. तिथल्या तिथे सही मागत असतील तर का, ते विचारा. ईईजीचा डेटा आणि व्हिडिओ कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, व्हिडिओला वेगळी संमती आहे का, हेही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं हे लिहिलेलं असायलाच हवं. इथे भाऊजींचं अर्धं बरोबर होतं हे मान्य करते. लंडनमध्येच अँड्र्यू वेकफिल्ड नावाचा डॉक्टर होऊन गेला. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणाऱ्या त्याच्या १९९८च्या १२ मुलांवरच्या निबंधापायी मुलांवर नको त्या तपासण्या झाल्या, नैतिकता समितीची नीट मंजुरी नसताना. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांना पाच-पाच पौंड देऊन त्याने रक्त घेतलं होतं. २०१०मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. म्हणजे उंदीर करणारे असतात. मंजुरीचा कागद त्यांच्यासाठीच असतो.

तिसरं, रिपोर्ट मिळेल ही आशा ठेवू नका. मी ठेवली होती. चारही वेळा "तिचा ईईजी कसा आला?" विचारलं आणि चारही वेळा तेच नम्र उत्तर. २०१२मध्ये लंडनच्याच अभ्यासात दिसलं होतं की सहा ते दहा महिन्यांच्या वयात, वळणाऱ्या नजरेला मेंदू कसा प्रतिसाद देतो याचा पुढच्या निदानाशी संबंध आहे. पण तो घोळक्याचा हिशोब. एका बाळाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. खेळांवरून, ठोकळ्यांवरून वाढ कशी आहे याचं पत्र मात्र दर वेळी आलं. धाकटीला ऑटिझम नाही, हे तिसऱ्या वर्षी कळलं. त्या रात्री मी रडले आणि मग थोरल्याच्या अंथरुणापाशी जाऊन बसले. ते जाऊ दे.

माझा अनुभव तान्ह्या, ऑटिझम नसलेल्या मुलीचा आहे, तुमचा मुलगा चारचा आणि निदान झालेला. फरक आहे. थोरल्यालाही एकदा बोलावलं होतं, सहा वर्षांचा असताना. ओली जाळी केसांना टेकली आणि त्याने ती भिंतीवर फेकली. चार मिनिटांत बैठक संपवली त्यांनी, स्टिकर दिलं, भाडं दिलं. इथे परतल्यावर एका सेंटरमध्ये दोघींनी त्याचे हात धरून "होतंय सवयीनं" केलेलं मी पाहिलंय. आपल्याकडे सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी असा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) नियम आहे. चार वर्षांच्या पोराने मान फिरवली तरी ती संमतीच नाकारली असं धरा, नियम काही म्हणो. आधी विचारा, जाळी घरी हाताळायला मिळेल का, फोटो मिळतील का. भूल देऊन एमआरआय किंवा औषधाची चाचणी असेल तर माझं हे उत्तर लागू नाही, ते डॉक्टरांशी बोला.

आणि घरी आजी असेल तर आदल्या रात्री केस तुम्ही स्वतः धुवा. सकाळी पुन्हा हुंगून बघा.