चार लाखांची विंचेस्टर आणि सुटणारी ठेव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका निवृत्त वाचकांचं पत्र आहे. ओळखीच्या जुन्या सरदार घराण्यात विंचेस्टर १८९० ही पॉइंट बावीसची अमेरिकन रायफल आहे, पंप-ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची. मालक वारले, मुलगा चार लाख मागतोय आणि ‘सगळं ओरिजिनल आहे, शंभर वर्षांची असल्यामुळे लायसन्सचीही भानगड नाही’ असं सांगतोय. वाचकांची सहा लाखांची ठेव पुढच्या महिन्यात सुटते. वडिलांकडून आलेली बारा बोअर त्यांच्या लायसन्सवर आहे आणि मुलीचं लग्न दीड वर्षावर आलंय. गुंतवणूक म्हणून घ्यावी का, असं ते विचारतात.

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. हौस म्हणून घ्यायची तर घ्या, पण या ठेवीतून नको.

लायसन्सचं आधी बोलू, कारण खरा धोका तिथे आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा शस्त्रांनाच. नुसतं वय झालं म्हणून बंदूक सुटत नाही. ही विंचेस्टर चालते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तिला लायसन्स हवंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. तुमची एक झाली, तेव्हा जागा आहे, पण दुसरी चढवायला कलेक्टर कचेरीची मंजुरी लागेल.

मुलाला एकच विचारा: वडिलांच्या पश्चात बंदूक कोणाच्या नावावर चढली? अजून कोणाच्याच नसेल, तर ती पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या गनहाउसमध्ये जमा असायला हवी आणि ठरलेल्या मुदतीत तिची सोय लावली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. नावावर असेल, तरी विक्रीआधी कलेक्टर किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. तोवर इसार म्हणून अकरा रुपयेसुद्धा देऊ नका. ग्वाल्हेरात शब्दावर व्यवहार होतात हे मला ठाऊक आहे. हा तसला व्यवहार नाही.

आता बंदूक. हे मॉडेल ब्राउनिंग बंधूंच्या डिझाइनवर १८९० ते १९३२ पर्यंत निघालं, सुमारे साडेआठ लाख नग. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. भाव मिळतो तो न छेडलेल्या नगाला, म्हणून गनहाउसचा जुना मिस्त्री, एक टॉर्च आणि भिंग बरोबर न्या. बंदूक रिकामी आहे हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

नळी अष्टकोनी असते, चोवीस इंची. तिच्या कडांवरून बोट फिरवा. कडा बोटाला लागल्या पाहिजेत. त्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर कोणीतरी बफ मारून नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, चढवलंय. तसं असेल तर कोरलेली अक्षरंही उथळ आणि पुसट दिसतात. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील, तर बंदूक अनाडी हातांनी उघडलेली. सुरुवातीचे काही हजार नग सोडले, तर ही बंदूक दोन तुकड्यांत सुटते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या बंदुकांचे अर्धे जोडलेले नगही फिरतात. नंतरच्या नगांवर नंबर दोन ठिकाणी आहे, दस्त्याकडच्या पट्टीवर आणि रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा असलेल्या मधल्या पोलादी भागाच्या, पोटाला. दोन्ही जुळायला हवेत. बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफचे, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या चाचणीचे, ठसे दिसले तर दचकू नका. बंदूक विलायतेमार्गे आली एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडची एक खूण परदेशी माहितीत सापडायची नाही. खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, ओल्या हळदकुंकवाचं बोट पोलादावर टेकतं आणि वर्षानुवर्षं तिथे तपकिरी डाग धरतो. माझ्या मामांच्या बारा बोअरवर असा अंगठ्याएवढा डाग होता. एका दसऱ्याला त्यांनी ती हौसेने पॉलिश करून घेतली, डाग गेला आणि निम्मी किंमतही गेली. विंचेस्टरवर असा डाग दिसला तर मी खूशच होईन.

नळीत टॉर्च मारा. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा क्षार नळीत राहतो, पावसाळ्यात ओल ओढतो आणि आतून खड्डे पाडतो. बाहेरून नवरीसारखी नटलेली बंदूक आतून अशी असू शकते. शिवाय शॉर्ट, लाँग आणि डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर) ही पॉइंट बावीसची वेगवेगळी काडतुसं या मॉडेलमध्ये एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नळीवर कोरलेलं आणि आत बसणारं काडतूस एकच आहे ना, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, नंतर कापून मोठं केलेलं असेल, तर ती ओरिजिनल राहिली नाही. ते काडतूस मिळतं का, हेही गनहाउसला विचारा.

हिशोब सरळ आहे. चार लाख सात टक्क्यांनी दहा वर्षं राहिले, तर साधारण सात लाख सत्त्याऐंशी हजार होतात. बंदुकीला तेवढा भाव यायला हवा, आणि तोही अशा माणसाकडून ज्याच्या लायसन्सवर जागा रिकामी आहे. परदेशी लिलावांचे आकडे मुलगा दाखवेल. शंभरी ओलांडलेली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा ते आकडे तुमच्या कामाचे नाहीत. इथे भाव टिकतो तो १९८० च्या दशकापासून आयात आवळल्यामुळे. सरकारने ती सैल केली की तो उतरेल.

पत्राच्या शेवटी वहिनींचा विरोध तुम्ही एका ओळीत उरकलाय. लग्न दीड वर्षावर असताना तो मला पटतो. ठेव सुटली की पाच लाख लग्नाच्या तारखेला जुळेल अशा मुदतीने पुन्हा ठेवा आणि एक लाख अडीअडचणीला हाताशी असू द्या. लग्नानंतर काही उरलं, तर मी दीड लाखापर्यंत जाईन. हा आकडा बंदुकीच्या भावावरून काढलेला नाही, तुमच्या खिशावरून काढलाय. आणखी एक, तुमच्या नंतर ती कोण घेणार? मुलीकडे लायसन्स नसेल, तर आज त्या मुलासमोर असलेला पेच उद्या तिच्यासमोर येईल. तिला आजच विचारा, आणि मुलाला सांगा, आधी कागद दाखव, मग टॉर्च घेऊन येतो.