ऑटोमॅटिक गाडीत पी०७०० कोड आला म्हणजे गिअरबॉक्स गेला का? कोणता स्कॅनर घ्यावा?

नाही. पी०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने, म्हणजे टीसीएमने, इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, चेक इंजिनची लाइट लावायला सांगितलंय. खरा कोड टीसीएममध्ये असतो आणि तुमचा ब्लूटूथ डोंगल (मोबाइलशी जोडायचा छोटा स्कॅनर) बहुधा तिथवर पोचत नाही. तो वाचायच्या आधी कुणालाही पुसू देऊ नका. हे मी पोटतिडकीने लिहितोय.

साताऱ्यात एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो तेव्हा एका शिक्षिकाबाईंची सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारी) सेडान आली. खंबाटकी घाटात धक्का देऊन तिसऱ्यात अडकायची, बंद करून चालू केली की ठीक. फोरमननी स्कॅनर लावला आणि कोड पुसून टाकला. त्याबरोबर फ्रीज फ्रेमही गेली, म्हणजे कोड लागला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान, सगळं. आठवड्यात बाई परत. मग थेट निकाल: गिअरबॉक्स उतरवा. एस्टिमेट दीड लाखाच्या वर.

मी म्हटलं, एकदा लाइव्ह डेटा, म्हणजे चालत्या गाडीतले सेन्सरचे आकडे, बघू. "स्कॅनर बघून गिअरबॉक्स दुरुस्त होत नसतो," असं सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. तरी संध्याकाळी हट्टाने ट्रायल मागून घेतली, हेल्परला शेजारी बसवलं, रेकॉर्डिंग लावलं. चढाला इंजिन २२००, टर्बाइन स्पीड (टॉर्क कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा वेग) जवळपास तेवढाच. मध्येच धक्का, आणि टर्बाइन ०. लगेच परत २२००. चाकांकडे जाणाऱ्या आउटपुट शाफ्टचा आकडा मात्र जागचा हलला नाही. घाट चढणाऱ्या गाडीचं टर्बाइन डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबून पुन्हा तेवढंच फिरेल? सिग्नल तुटत होता.

परत येऊन इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं (उभ्या गाडीत डी टाकून ब्रेक दाबला की टर्बाइन शून्यच दिसतं) आणि टर्बाइनच्या स्पीड सेन्सरची वायर हलवली. ७०० चे ०, पुन्हा ७००. कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. ती बदलली. टीसीएममधला पी०७१५, म्हणजे टर्बाइन स्पीड सेन्सरच्या सर्किटचा कोड, पुन्हा आला नाही. फोरमन शेवटपर्यंत "योगायोग" म्हणत राहिले. आकडे समोर असताना योगायोग कसला?

स्कॅनर घ्यायचा तर टीसीएम वाचणारा घ्या. टर्बाइन, आउटपुट आणि तेलाचं तापमान एकत्र दाखवणारा. पैसे देण्याआधी तुमच्याच गाडीला लावून बघा.

हां, इंजिनचा आरपीएम चढतोय पण गाडी पुढे ओढत नाही, तेल काळं होऊन जळका वास येतोय, तर क्लच प्लेटा गेल्यात आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. गाडी एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं) असेल तर टर्बाइन नसतंच, तिथे ही पद्धत विसरा. बॅटरी आधी तपासा, व्होल्टेज पडलं की टीसीएम भलतेच कोड दाखवतो. आणि आकडे शेजारच्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही.

त्या सेडानचा गिअरबॉक्स मी वर्कशॉप सोडेपर्यंत, पुढची तीन वर्षं, उतरला नव्हता.