धोका पत्करता येतो, आपत्ती नाही

प्रश्न आलाय : 'पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली' अशी बातमी वाचली की आपत्ती आली असं म्हणायचं का? धोका आणि आपत्ती एकाच अर्थाचे शब्द आहेत का?

नाहीत. दोन्ही शब्दांना क्रियापदं लावून बघा. धोका असतो, वाढतो, टळतो, आपण तो पत्करतोसुद्धा. आपत्ती येते, ओढवते, कोसळते. 'मी आपत्ती पत्करली' असं कुणी म्हणणार नाही. संस्कृतातला 'आ + पद्' म्हणजे येऊन पडणं, तो अर्थ अजून शाबूत आहे. 'धोका' हिंदीत मुख्यतः फसवणूक. मराठीत 'मित्रानं धोका दिला' एवढ्यापुरता तो अर्थ उरलाय, एरवी धोका म्हणजे संकटाची शक्यता. (रस्त्यावर 'धोकादायक वळण' असतं, 'आपत्तीदायक वळण' पाहिलंय कुणी?)

कोल्हापुरात धोका फुटांत मोजतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर 'किती झालं?' एवढंच विचारायचं, उत्तर येतं 'एकेचाळीस दोन', म्हणजे ४१ फूट २ इंच. नदी कुठली हे सांगावं लागत नाही. पाणी पात्राबाहेर पडलं की चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतून गुरं हलवायची बोलणी सुरू होतात, आणि शहरातली हौशी मंडळी 'पूर बघायला' निघतात. आपत्ती बघायला कुणी पोरंबाळं घेऊन जात नाही! २०१९च्या ऑगस्टमध्ये तेच पाणी ५५ फुटांपुढं गेलं, घरांत शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तेव्हा 'पूर' मागं पडून तोंडी आला 'महापूर'.

२००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही हेच धरून चालतो. नुकसान त्या भागातल्या लोकांच्या तोंड देण्याच्या कुवतीबाहेरचं असेल, तर ती आपत्ती. म्हणजे ४३ फूट हा नदीचा आकडा झाला. त्यावरून आपत्ती ठरत नाही, काठावर कोण राहतं नि त्यांना वेळेत हलवलं का, ते बघावं लागतं.

म्हणूनच 'नैसर्गिक आपत्ती' हा सरसकट वापरला जाणारा शब्द मला खटकतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत जमीन हलली, ती निसर्गानं हलवली. पण हजारो माणसं दगावली ती दगडमातीच्या जाड भिंती नि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, माती अंगावर येऊन, झोपेतच.