ऑडिटर म्हणजे सीए नव्हे, सेंटेन्स म्हणजे शिक्षा नव्हे

प्रश्न : मी वसईची, बीएलएस एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. माझ्या मावसबहिणीचा विवाह रद्द ठरवण्याचा खटला आमच्या धर्मप्रांताच्या न्यायालयात चालू आहे. तिने मला कागद वाचायला दिले. तेव्हापासून कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, शिकावंसं वाटतंय. मम्मी म्हणते, ते फादरांचं काम, त्यात बायकांना कोण विचारतं? कागदांतल्या सात शब्दांचे मला समजलेले अर्थ सोबत लिहिलेत. या क्षेत्रात करिअर होऊ शकतं का?

उत्तर : तुझ्या सातपैकी एक अर्थ बरोबर आहे. सायटेशन म्हणजे समन्स. बाकीचे सहा चुकलेत, आणि ते कायदा शिकणाऱ्याचेच चुकतात. दुसऱ्या कोणी शब्दकोश उघडला असता, तू सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, भरवशावर राहिलीस.

‘लायबेल’पुढे तू बदनामी लिहिलंयस. मूळ लॅटिन शब्द लिबेलस, म्हणजे चोपडी. पुढे त्याचा अर्थ झाला दाव्याचा अर्ज. कोणाकडे दाद मागतोय, काय मागतोय, कशाच्या आधारावर, एवढं त्यात हवं. न्यायाधीशाने महिनाभर काहीच कळवलं नाही आणि आठवण दिल्यावरही दहा दिवस गप्प राहिला, तर अर्ज स्वीकारला असं धरतात. हे कलम आपल्याकडे उसनं घेता आलं तर किती बरं होईल!

‘जॉइंडर ऑफ इश्यू’ म्हणजे पक्षकार जोडणं नव्हे. सीपीसीची ऑर्डर १४ आठवते का, मुद्दे काढणं? जवळपास तेच. इथे मुद्दा शंकेच्या रूपात मांडतात, त्याला डुबिअम म्हणतात : अमुक कारणामुळे हा विवाह मुळात झालाच नव्हता, हे सिद्ध झालं आहे का? पुढचा सगळा पुरावा या एका प्रश्नाभोवती फिरतो. ‘ऑडिटर’चा सीएशी संबंध नाही. जो ऐकतो तो ऑडिटर. न्यायाधीशाच्या वतीने तो जबाब आणि पुरावे गोळा करतो, निकाल देत नाही. ‘पब्लिकेशन ऑफ ॲक्ट्स’ म्हणजे पेपरात जाहीर नोटीस नव्हे, की राजपत्रात कायदा छापणंही नव्हे. पुरावा गोळा झाला की पक्षकार आणि त्यांच्या वकिलांना ती फाइल न्यायालयाच्या कचेरीत वाचायला मोकळी करतात, एवढंच.

आता एक गोष्ट शब्दांच्या यादीत नाही, पण तिच्यावर तुझा निर्णय अवलंबून आहे. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात, उलटतपासणीचं बक्षीस मिळाल्याचं तू लिहिलंयस. या न्यायालयात उलटतपासणी नाही. साक्षीदाराला प्रश्न न्यायाधीश किंवा ऑडिटर विचारतो. वकील हजर राहू शकतो, पण त्याला काही विचारायचं असेल तर तो प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचा, आणि साधारणपणे तोच तो विचारणार. समोरच्याला कोंडीत पकडण्याचा क्षण तुझ्या वाट्याला येणारच नाही. बहुतेक काम कागदावर चालतं. युक्तिवादही बहुधा लेखीच. याने तुझा जीव घुसमटणार असेल तर आताच कळलेलं बरं.

‘बाँड’ म्हणजे जामीन नव्हे, विवाहाचं बंधन. त्याचा रक्षक, डिफेंडर ऑफ द बाँड, हे पद पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ साली निर्माण केलं. नवरा-बायको दोघांनाही विवाह रद्द हवा असला तरी विवाहाच्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं, म्हणून. रद्द करण्याच्या विरोधात वाजवीपणे जे जे म्हणता येईल ते मांडणं हे त्याचं कर्तव्य. त्याला बोलावलंच नाही आणि तो सहभागीही झाला नाही, तर कारवाईच अवैध ठरते. तुझ्या मावसबहिणीच्या फाइलीत जो तिच्याविरुद्ध लिहितोय आणि ज्याचा तुला राग आलाय, तो हाच. तो तिच्या नवऱ्याचा माणूस नाही.

‘सेंटेन्स’ म्हणजे निकाल. कोणाला शिक्षा होत नाही. उत्तर दोनच : सिद्ध झालं किंवा झालं नाही. न्यायाधीशाला त्यासाठी ‘नैतिक निश्चिती’ लागते. पारडं थोडं झुकलं म्हणून चालत नाही. आणि शंका उरली तर विवाह वैध धरतात, कारण विवाहाला कायद्याची मर्जी लाभलेली असते. २०१५ पर्यंत अनुकूल निकाल दोनदा, दोन पायऱ्यांवर मिळवावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी ती अट काढली.

आता मम्मीच्या प्रश्नाकडे. तिचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक खुर्च्यांवर आजही फादर बसतात. पण कॅनन लॉची १९८३ची संहिता तसं बंधन घालत नाही. बंधरक्षक सामान्य प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली व्यक्ती), स्त्री किंवा पुरुष, होऊ शकतो. तिघांच्या खंडपीठात अध्यक्ष धर्मगुरू असावा लागतो, उरलेले दोघे प्रापंचिक चालतात. या पदांसाठी कॅनन लॉमधली किमान लायसेन्शिएट ही पदवी हवी. वकील म्हणून उभं राहायला डॉक्टरेट किंवा खरीखुरी जाणकारी, आणि वर बिशपांची मान्यता.

लायसेन्शिएट तीन वर्षांची. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान न शिकलेल्यांना त्याआधी दोन वर्षांचा पाया. म्हणजे एलएलबीनंतर आणखी पाच, तुझ्या पदवीमुळे काही विषयांत सूट मिळाली तरी. भारतात बंगळुरूच्या सेंट पीटर्समध्ये सोय आहे, बाहेर रोममध्ये.

पैशाचं स्पष्ट सांगतो : फक्त या न्यायालयांवर घर चालेल असं धरू नकोस. खटले शक्यतो विनामूल्य असावेत, हीच चर्चची दिशा आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून आधी सनद घे, दोनतीन वर्षं वसईच्या नाहीतर ठाण्याच्या कोर्टात काढ. दोन्ही कायदे कळणाऱ्या माणसाची गरज मला दोन ठिकाणी दिसते. एक, धर्मभगिनींच्या संस्था, शाळा, चर्चच्या मिळकती. तिथे जमीन विकायची तर एकीकडे धर्मादाय आयुक्त आणि दुसरीकडे कॅनन लॉच्या परवानग्या, आणि दोन्ही एका टेबलावर वाचू शकणारे वकील मोजके.

दुसरं ठिकाण तुझ्या घरातच आहे. चर्चने विवाह रद्द ठरवला म्हणून तो देशाच्या कायद्यात रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं. १८६९च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी आदेश वेगळा घ्यावा लागतो. तो न घेता दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो. चर्चचा कागद हातात आला की सगळं सुटलं असं अनेकांना वाटतं. मावसबहिणीने दिवाणी अर्ज केलाय का, हे आज संध्याकाळीच विचार. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख कुठेच नाही.

राहिली लॅटिन. ती टाळता येत नाही. पण दहावीला तुझं संस्कृत होतं म्हणतेस. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या मुलीला लॅटिनच्या विभक्ती परक्या वाटणार नाहीत. तिथे द्विवचनही नाही, तेवढं पाठांतर कमी.